पऱ्हाटीच्या कोळशातलं देऊळ

आमच्या घरात कोरा कागद कधी नव्हता. जो होता तो कशाला तरी गुंडाळून आलेला. साखरेच्या पुडीचा, भज्यांच्या तेलाने आरपार दिसू लागलेला, नाहीतर मांडणीवर डब्यांखाली अंथरलेला. लोकांच्या लग्नपत्रिका माय जपून ठेवायची, कारण त्यांची मागची बाजू रिकामी असायची. माझा सातवीपर्यंतचा अर्धा अभ्यास असा कुणाकुणाच्या सुपुत्राच्या आणि सुकन्येच्या पाठीवर झाला.

एरंडोल तालुक्यात गिरणेच्या काठाला आमचं गाव. दोन खोल्या, वर पत्रे. आबा, म्हणजे माझे वडील, केळी कापणाऱ्या टोळीत होते. पहाटे निघायचे, दुपारी जिथे मळा असेल तिथेच जेवायचे. माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि कापूस संपला की त्याच शेतातल्या पऱ्हाट्या उपटायची. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. उपटलेल्यातला एक भारा डोक्यावर घेऊन ती घरी यायची आणि त्यावर आमची चूल पेटायची. पावसाची झड लागली की दोघंही घरी बसायची आणि भाकरी पातळ व्हायच्या. या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

आबांच्या कपड्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. दिसायला पाणीच. अंगावर पडला तरी पडला असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिथे तपकिरी डाग उमटतो आणि तो कशानेही जात नाही. साबण लावा, रॉकेल लावा, तो उलट गडद होत जातो. आबांचा कामाचा सदरा म्हणजे नुसत्या डागांचा नकाशा होता. शाळेच्या रस्त्यावर तो सदरा लांबून दिसला की मी मैत्रिणींना बोलण्यात गुंतवायची. हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

*

आता मी धुळ्याला राहते. एका शाळेत इतिहास शिकवते. फाल्गुन लागला की संध्याकाळी शहराबाहेरून एक वास येतो. शेतकरी बांधावर पऱ्हाट्या पेटवतात, त्याचा. लाकडाच्या धुरापेक्षा हा धूर हलका असतो, थोडा गोडसर, आत कुठेतरी कापसाच्या बोंडाचा करपलेला वास. खिडकी बंद करावी तरी तो आत असतोच. मग हातातलं काम तसंच राहतं. माझ्या बोटांच्या पेरांवर आपोआप काळं काहीतरी आल्यासारखं वाटतं आणि मी उगाच पदराला हात पुसते.

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा फाल्गुन होता तो. जळगावला कॉलेज. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला आपापल्या भागातली एक जुनी वास्तू नोंदवून आणायला सांगितली होती. लिहायचं, मापं घ्यायची, आणि एक चित्र काढायचं, हाताने. तो प्रकल्प बाहेरच्या परीक्षकांसमोर मांडायचा होता. त्यात अडकलं की वर्ष अडकलं. आणि माझं वर्ष अडकलं असतं तर पुन्हा ते उघडलं नसतं, हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मामाने एक स्थळही पाहून ठेवलं होतं. परीक्षेपर्यंत थांबू, असं आबांनी सांगितलं होतं. परीक्षेपर्यंत, एवढंच.

माझी वास्तू शोधायला लांब जायचं नव्हतं. गावाबाहेर कापसाच्या रानात एक काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. उभं म्हणजे अर्धं. शिखर केव्हाच ढासळलं. सभामंडपाचे काही खांब आहेत, गाभाऱ्याची चौकट आहे, आत मूर्ती नाही. पिंपळाने एका कोपऱ्यात हात घालून दगड असे उचललेत, जशी कुणी घोंगडी झटकायला घ्यावी. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. किती जुनं, कुणाला विचारलं तर गावात एकच उत्तर: पांडवांनी बांधलं, एका रात्रीत. आणि दारातल्या पायरीवर ज्या उभ्या खोल खाचा आहेत त्या भीमाच्या बोटांच्या. कोंबडा आरवला तेव्हा तो पायरीला धरून उठला म्हणे.

मी ते लिहून टाकलं. चित्र काढलं ते घरी बसून, मोबाइलवरच्या फोटोवरून, एचबी पेन्सिलीने. देवळाजवळ जाऊन बसायला मला लाज वाटत होती, कारण त्या दिवसांत शेजारच्या मळ्यात आबांचीच टोळी होती आणि ती जेवायला देवळाच्या सावलीत यायची. आख्ख्या टोळीसमोर मांडीवर वही घेऊन कोण बसणार?

सरांनी चित्र हातात घेतलं, खिडकीकडे तिरपं धरलं. पेन्सिलीचा काळा चमकतो. माझं देऊळ उन्हात घासलेल्या जर्मनच्या पातेल्यासारखं चकाकत होतं. सर म्हणाले, "हे फोटोवरून काढलंय. या देवळाला पायरीच नाही."

खरंच, माझ्या चित्रात ती नव्हती. फोटोत ती कापली गेली होती. आणि पायरीवरच्या भीमाच्या बोटांबद्दल मी पान भरून लिहिलं होतं. सर रागावले नाहीत. चित्र परत दिलं आणि तिथे जाऊन बस म्हणाले. हाताशी आठ दिवस होते.

*

काळा दगड काढायला काळं काय वापरावं, हा प्रश्न मी घरी मोठ्याने विचारला ती चूक झाली. माय भाकरी थापत होती. म्हणाली, "काया रंग विकत कसाले लेस? मना चुल्हामा बठ्ठा काया रंगच शे." बठ्ठा म्हणजे सगळा.

तिने चुलीतून अर्धवट जळालेली पऱ्हाटी ओढली आणि फुंकर मारून माझ्यापुढे टाकली. माय गोधड्या शिवते. कापडावर कापायच्या रेघा ती याच कोळशाने मारते, कारण शिवून झाल्यावर झटकलं की रेघ उडते. म्हणजे घरात चित्रकलेचं साहित्य माझ्या जन्माआधीपासून होतं. फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

चुलीतला कोळसा ओबडधोबड, मध्येच कच्चा. मग आम्ही दोघींनी नीट करायला घेतला. बोटाएवढ्या बारीक काड्या निवडल्या, साली सोलल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरल्या, झाकणाला चिखल लिंपला आणि डबा विस्तवात ठेवला. पहिल्या डब्याचं झाकण मी घाईने गरम असतानाच उघडलं. आत काळ्याभोर काड्या सुरेख रांगेत बसल्या होत्या. वारा लागला आणि डोळ्यांदेखत सगळ्या लाल झाल्या, मग राख. माय हसत सुटली. दुसरा डबा तिने स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवल्यासारखा राखला, पुरता गार होईपर्यंत मला शिवू दिलं नाही.

त्या काड्यांचा काळा वेगळाच होता. चमक नावाला नाही. कागदावर टेकवला की दगडासारखा गप्प बसायचा.

कागदाचं काम आबांनी केलं. बाहेरदेशी जाणाऱ्या केळ्यांचे पुठ्ठ्याचे खोके असतात, त्यातला एक दबलेला, टाकून दिलेला खोका ते घेऊन आले. आतली बाजू कोरी, मातीच्या रंगाची. मला ड्रॉइंगचा पांढराशुभ्र कागद हवा होता. पण आबांनी तो खोका डोक्यावर धरून चार किलोमीटर आणला होता, म्हणून मी तोच कापून सपाट केला.

आणि मग त्या पुठ्ठ्यानेच मला शिकवलं. पांढऱ्या कागदावर ऊन आधीच असतं, तुम्ही सावली भरत जाता. मातीच्या कागदावर आधी काहीच नसतं, नुसतं रान असतं, दुपारचं. सावली कोळशाने आणायची आणि ऊनही कुठून तरी आणायचं. ऊन मी आबांच्या तंबाखूच्या डबीतून आणलं. चुना. ओला असताना तो पुठ्ठ्यात गडप होतो, काहीच दिसत नाही, आणि वाळता वाळता पांढरा होत जातो. मी खांबाच्या कडेला बोटाने चुना लावायची आणि वाट बघायची. थोड्या वेळाने त्या खांबावर हळूहळू ऊन उगवायचं. असं ऊन मी पुन्हा कुठल्या चित्रात उगवताना पाहिलं नाही.

पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात. कोळसा आडवा फिरवला की त्या नळ्या रेघांसारख्या वर येतात. पुठ्ठा उभा धरला तर आभाळातून पाऊस पडत होता. फाल्गुनात कुठला पाऊस? आडवा केला, आणि आभाळात सऱ्या पडल्या, नांगरून ठेवलेल्या शेतासारख्या. उन्हाच्या झळा अशाच तर दिसतात, आडव्या, हलणाऱ्या. मी ठेवल्या तशाच.

*

देवळात जाऊन बसले त्या पहिल्याच दिवशी टोळी दुपारी आली. मी भीत होते तेवढं काही झालं नाही. आबा माझ्याकडे न बघता दुसऱ्या खांबाशी जाऊन बसले. त्यांचे जोडीदार हसनभाई मात्र थेट माझ्यामागे येऊन उभे राहिले. घड वाहून वाहून त्यांचा एक खांदा खाली आलेला, आणि पोट पुढे. बराच वेळ बघून म्हणाले, "बेटी, मना बी फोटो काढ. पन पोट कमी दाखाडजो."

सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर रोज कुणी ना कुणी येऊन बघायचं. पिंपळ चुकला, त्या अंगाला झुकेल शे, असं एकाने सांगितलं आणि खरंच चुकला होता. कोळसा बरा, चूक झाली तर मळलेल्या कणकेची गोळी दाबली की उचलला जातो. माझा पिंपळ तीनदा कणकेत गेला.

कोळशाच्या काडीला टोक राहत नाही. बारीक नक्षी त्याने निघत नाही, काढायला गेलं की काडी मोडते. दोन दिवस मी रडकुंडीला आले. नंतर माझ्या लक्षात आलं की मी हळूहळू नक्षी बघायची सोडून दिलीय आणि देऊळ बघतेय. त्याचं वजन, खांबांमधला अंधार, गाभाऱ्यातला त्याहून जुना अंधार. लांबून होला पक्षी घुमायचा. उपटायची राहिलेली पऱ्हाटी वाऱ्यावर खडखडायची. कधी कधी वाटायचं मी काढत नाहीये, या दगडांची सावली आपणच पुठ्ठ्यावर सरकतेय आणि माझी बोटं मध्ये आलीत म्हणून काळी होताहेत.

शेवटच्या दिवशी पायरी काढली. खाचांवर कोळसा आडवा फिरवला, कडांना चुना लावला. चुना वाळेस्तोवर टोळी जेवून उठली. आबा पहिल्यांदाच जवळ आले.

"हाई काय लिखेल शे तू?" त्यांनी विचारलं. बाजूला वहीत मी खाचांचं लिहिलं होतं. मी भीमाची बोटं सांगितली.

आबा हसले. मोठ्याने हसायचा स्वभाव नाही त्यांचा. "कसाना भीम?" म्हणाले आणि उकिडवे बसले. चित्रातल्या एकेका खाचेवर बोट टेकवत त्यांनी मला सांगितलं, "हाऊ मना. तो मना बापना. आन् तो कडाना, हसनना."

विळे पाजवायची ती जागा होती. दुपारचं जेवण झालं की त्या पायरीवर पाणी मारून विळा घासायचा आणि पुन्हा मळ्यात जायचं. प्रत्येकाची खाच ठरलेली, दुसऱ्याच्या खाचेत कुणी विळा घालत नाही, कारण हाताचा कल वेगळा असतो आणि धार बिघडते. बाप गेला की त्याच्या खाचेला हात लावायचा नाही, शेजारी नवी पाडायची. मी त्या गावात वीस वर्षं राहत होते. त्या पायरीवर बसून चिंचा खाल्ल्या होत्या. आजोबांना मी पाहिलेलं नव्हतं, त्यांचा फोटोही नाही. आणि त्यांच्या हाताचा कल दगडात असा, बोट घालून बघावा इतका स्पष्ट, माझ्यासमोर होता. मी बोट घातलं. खाच थोडी डावीकडे वळते.

त्या संध्याकाळी भीमाचं पान मी फाडलं आणि नवं लिहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. सातची एसटी. चित्र गुंडाळायला मांडणीवरून खाली घेतलं आणि पाहिलं तर पायरीवर तीन डाग. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, नेमके तीन खाचांवर. चीक. आबांच्या बोटांना होता, काल दिसला नव्हता, रात्रभरात उमटला होता. कोळसा असता तर कणकेने उचलला असता. चुना असता तर खरवडला असता. हा जाणार नव्हता, हे आमच्या घरात मला कुणी शिकवायला नको होतं.

आबा दारात चूळ भरत होते. मी चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "जठे हात लावतस तठे डागच पाडतस तुम्ही."

माय भाकरी थापायची थांबली. आबांनी चित्र पाहिलं, मग आपले हात पाहिले, उलटे करून, सुलटे करून.

"माले वाटनं, हात वाळेल शे," म्हणाले. विळा घेतला आणि गेले.

एसटीत मी ते चित्र मांडीवर धरून बसले होते. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली, पुढे निघाली, दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्यांचे ढीग, कुठे धूर. मला रडू येत होतं, पण ते डागांचं नव्हतं. मी परत जाऊन काय बोलणार होते ते जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

परीक्षक दुसऱ्या गावचे, वयस्कर. टेबलावर बाकीच्यांची चित्रं होती, चांगल्या कागदावर, रंगीत. त्यांत माझा पुठ्ठा. त्यांनी आभाळातल्या सऱ्यांवर नजर फिरवली, कोळसा कुठला विचारलं, चुना ऐकून भुवया उंचावल्या. मग बोट पायरीपाशी थांबलं.

"आणि हे डाग?"

माफ करा सर, चुकून पडलेत, असं वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच आलं. मी म्हणाले, "सर, माझे वडील केळी कापतात. त्यांनी काल मला दाखवलं की कुठली खाच कुणाची. हा त्यांच्या बोटाचा चीक आहे. ही त्यांची खाच, ही माझ्या आजोबांची, आणि ही हसनभाईंची."

आमचे सर खिडकीशी उभे होते. मग परीक्षकांनी वही ओढली, भीमाच्या जागी लिहिलेलं नवं पान सावकाश वाचलं आणि ही माहिती कुठल्या पुस्तकातून घेतली असं विचारलं. पुस्तकात नाही, मी सांगितलं. त्यांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्या चित्रांत मिसळू नये अशा बेताने. पुढचा प्रश्न त्यांनी विळ्याच्या धारेबद्दल विचारला.

संध्याकाळी परत आले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. हात रॉकेलने घासून घासून लाल केलेले. मी शेजारी बसले. जुळवलेलं काहीच बोलता आलं नाही. एवढंच सांगितलं की परीक्षकांनी डागांचं विचारलं आणि मी तुमचं, आजोबांचं आणि हसनभाईंचं नाव सांगितलं.

"हसननं बी?" त्यांनी विचारलं.

"हसनभाईंचं पण."

"मंग सकाये सांगसू त्याले," आबा म्हणाले, आणि आपले लाल हात उलटेसुलटे करून पाहिले.

*

परवा वर्गातल्या मुलींना घेऊन लळिंगच्या किल्ल्यावर गेले होते. त्यांच्याजवळ चोवीस रंगांच्या पेट्या, स्केचपेन, चांगला जाड कागद. मला हेवा नाही वाटला, बरंच वाटलं. कोरा कागद प्रत्येकीला मिळावा. पण एकीने पडक्या भिंतीचा काळा रंगवताना काळी पेन्सिल सपासप घासली आणि भिंत चमकायला लागली. मी पर्समधून पऱ्हाटीची काडी काढून तिच्या हातात दिली. माय अजून दर फाल्गुनात एक डबा भाजून पाठवते. पोरीने काडी टेकवली, बोटं काळी झाली म्हणून ओरडली, आणि मग गप्प होऊन काढत राहिली. खाली मुंबई-आग्रा रस्त्यावरून ट्रक जात होते. वाऱ्यावर तोच धूर होता.

ते चित्र कॉलेजने ठेवून घेतलं. मागे एकदा जाऊन पाहिलं. कोळसा थोडा झडलाय, चुन्याचे पापुद्रे निघालेत, पुठ्ठ्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लाय. तीन डाग मात्र पूर्वीपेक्षा गडद झालेत.

प्रकल्पात पास झाले. त्या वर्षी मी इतिहास विषय घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.